पुण्याच्या पाऊलवाटा आणि एक चुकीचें उत्तर

पुण्यास कोणी पाहुणा आला म्हणजे त्यास काय दाखवावयाचें, हें आमच्या घरोघरीं ठरलेलें असतें. पहिल्या दिवशीं शनिवारवाडा व कसब्याचा गणपति, दुसऱ्या दिवशीं पर्वती व सारसबाग, आणि पाहुण्याचे पाय धड असले तर तिसऱ्या दिवशीं सिंहगड. यापलीकडे येथें कांहीं पाहण्यासारखें आहे असें आम्हां पुणेकरांसच जेथें वाटत नाहीं, तेथें बिचाऱ्या पाहुण्यास तरी तें कोठून कळणार? मी स्वतः या दोषापासून मुक्त होतों असें नाहीं. उलट प्रस्तुत लेख लिहिण्यास जें कारण घडलें, तें या दोषांतूनच उद्भवलेलें आहे. आणि तें प्रथम सांगून टाकल्यावांचून पुढील वाटांचें वर्णन करणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलों, आणि येथील एका शाळेंत सुमारें पस्तीस वर्षें तोच विषय शिकविला. आषाढाच्या पहिल्या दिवशीं आम्ही शाळेंत कालिदासदिन पाळीत असूं. १९९४ सालच्या त्या दिवशीं नववीच्या वर्गास मी मेघदूताची कथा सांगत होतों. रामगिरीवर राहणारा विरही यक्ष ताज्या कुटजपुष्पांनीं मेघाची पूजा करतो, या ठिकाणीं आलों असतां मागील बाकावरचा एक मुलगा उठला व म्हणाला, "सर, कुटज म्हणजे काय?"

मी म्हणालों, "कुडा. पांढऱ्या फुलांचें झाड."

तो बसेना. "सर, तें आपल्याकडे कोठें पाहावयास मिळेल?"

या प्रश्नाचें खरें उत्तर 'मला ठाऊक नाहीं' हें होतें. परंतु चाळीस मुलांच्या देखत तें माझ्या तोंडांतून निघेना. मी म्हणालों, "तें आपल्याकडे नाहीं. रामगिरि म्हणजे विदर्भांतील रामटेक. तिकडच्या अरण्यांत तें होतें. बैस खालीं." मुलगा बसला, आणि मीं सांगितलेलें त्यानें निमूटपणें वहींत लिहून घेतलें.

कुड्याशीं माझा मुळींच परिचय नव्हता असेंही नाहीं. माझ्या आजीच्या औषधांच्या डब्यांत कुड्याची साल असे, आणि पोट बिघडलें कीं तिचा अतिशय कडू काढा आम्हां मुलांस घ्यावा लागे. परंतु ही साल कोणत्या तरी झाडाची आहे, आणि तें झाड कोठें तरी उभें असलें पाहिजे, हा विचार माझ्या मनांत कधींच आला नव्हता. काढा वेगळा आणि कालिदास वेगळा, अशी माझी समजूत होती.

२०१६ सालीं मी सेवानिवृत्त झालों. त्याच सुमारास रक्तांत साखर निघाली, आणि डॉक्टरांनीं रोज तासभर चालण्याची आज्ञा केली. कांहीं दिवस मोठ्या रस्त्याच्या कडेनें चाललों. पण वाहनांच्या धुरानें खोकलाच अधिक झाला. तेव्हां आमच्या घरांतून सूचना आली, "अहो, रस्त्यावर धूर खाण्यापेक्षां टेकडीवर चला. जन्मभर मुलांना पर्वत शिकविलेत. आतां एखादा चढून तरी पाहा." सूचना बोचली, पण योग्य होती. दुसऱ्या दिवसापासून आम्हीं दोघांनीं आरंभ केला.

प्रथम हनुमान टेकडी. ही फर्ग्युसन कॉलेजच्या पाठीशीं आहे. कॉलेज १८८५ सालचें. त्याच्या मागील बाजूस गेलें कीं पाऊलवाट लागते, आणि आमच्यासारख्यांच्या बेताच्या चालीनेंही थोड्याच वेळांत माथा येतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १२ जून १९०५ रोजीं भारत सेवक समाजाची स्थापना केली, ती कॉलेजच्या मागील याच टेकडीवर. ज्या संस्थेच्या सभासदांनीं अल्प वेतनावर देशसेवेंत आयुष्यें वेंचलीं, तिचा जन्म एखाद्या सभागृहांत न होतां उघड्या माळावर झाला, याचा अर्थ मला तेथें उभा राहिल्यावर प्रथम नीट उमगला. इतिहासाचे शिक्षक रजेवर असले म्हणजे ही तारीख मीं अनेक वेळां फळ्यावर लिहिली होती. परंतु ती जागा आपणास पायीं जाऊन पाहतां येईल, हें कधीं सुचलें नव्हतें.

हनुमान टेकडीच्या पश्चिमेस सेनापति बापट रस्ता ओलांडला कीं वेताळ टेकडीचा विस्तार सुरू होतो. विधि महाविद्यालयाच्या मागून, कांचन गल्लीच्या टोकापासून, गोखलेनगराकडून आणि पाषाणच्या बाजूस पंचवटीकडून, अशा निदान चार वाटा तिच्यावर चढतात. कोथरूडच्या अंगानें मोटारी जाण्याजोगी सडकही आहे; पण या लेखाचा विषय पाऊलवाटा हा असल्यानें तिच्याविषयीं लिहीत नाहीं. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर वसलेलें आहे; वेताळाच्या देवळापाशीं ही उंची सुमारें ८०० मीटर होते. तेथून नैऋत्येस स्वच्छ हवेंत सिंहगड दिसतो, पश्चिमेस पाषाणचें तळें दिसतें, आणि पूर्वेस सारें शहर पसरलेलें असतें. एका जुन्या दगडाच्या खाणींत पावसाचें पाणी सांठून तळें झालें आहे. सायंकाळीं त्याच्या कांठीं टिटव्यांचा गलबला चालतो. सकाळीं लवकर गेल्यास मोराचा केकारव हमखास कानीं पडतो. पावसाळ्याच्या तोंडीं नवरंग नांवाचा पक्षी येतो. त्याच्या अंगावर इतके रंग आहेत कीं, प्रथम पाहिला तेव्हां कोणाचा तरी पाळलेला पक्षी सुटून आला असावा, असें मला वाटलें.

वृक्षांची मौज ऋतूप्रमाणें पाहावी. फाल्गुनांत पळस व पांगारा फुलतात, आणि गणेराच्या निष्पर्ण फांद्यांवर सोन्यासारखीं पिवळीं फुलें येतात. सालईच्या झाडाची साल पातळ पापुद्र्यांनीं सुटते, आणि तिचा डिंक धुपासारखा जळतो. भाद्रपदांत तेरड्यानें उतार गुलाबी होतो, आणि कार्तिकांत कुसळी गवत धोतरास व साडीच्या कांठास असें चिकटतें कीं घरीं गेल्यावर अर्धा तास तेंच काम. वसंताच्या आधीं गुलाबी फुलांनीं शोभणारें ग्लिरिसिडिया हें झाड मात्र येथलें नव्हे. तें मध्य अमेरिकेकडचें. वनीकरणासाठीं येथें लावलेलें. लवकर वाढतें हा त्याचा गुण. त्याच्याखालीं दुसरें फारसें कांहीं उगवत नाहीं, हा दोष.

या टेकडीशीं एका थोर विद्वानाचें नांव जोडलेलें आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायानें गणिती. परंतु आम्ही संस्कृतवाले त्यांस ओळखतों तें १९४८ सालीं निघालेल्या भर्तृहरीच्या सुभाषितांच्या चिकित्सक आवृत्तीमुळें. १९१७ सालीं स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या जवळच त्यांचें घर होतें, आणि ते या टेकड्यांवर नित्य हिंडत. त्या हिंडण्यांत त्यांस गारगोटीसारख्या दगडाचीं, बोटाच्या पेराहूनही लहान अशीं अश्मयुगीन हत्यारें सांपडलीं. १९६२ सालच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथांत त्यांनीं असें दाखविण्याचा प्रयत्न केला कीं, पश्चिम महाराष्ट्रांतील अतिप्राचीन माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटा आणि ग्रामदेवतांचीं जुनीं ठाणीं यांचा निकट संबंध आहे. त्यांचीं सर्वच अनुमानें सर्वांस मान्य होतील असें नाहीं. तथापि एक गोष्ट मला लाज आणणारी वाटली. त्यांनीं भर्तृहरीच्या पोथ्या जितक्या बारकाईनें पाहिल्या, तितक्याच बारकाईनें पायांखालची माती पाहिली. माझ्या शाळेपासून ही टेकडी दिसत असे, आणि पस्तीस वर्षांत मीं तिच्याकडे पाहिलें तें केवळ पाऊस कोणत्या बाजूनें येतो हें कळण्यासाठीं.

यानंतर आम्हांस गोडी लागली. पर्वतीच्या १०३ पायऱ्या सर्वांस ठाऊक आहेत, आणि पानिपतच्या धक्क्यानंतर १७६१ सालीं नानासाहेब पेशव्यांनीं तेथेंच देह ठेवला, हेंही पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु दर्शन घेऊन लोक आल्या वाटेनें परततात. पर्वतीच्या दक्षिणेस पांचगांव-पर्वतीचें वन व तळजाईची टेकडी आहे. देवीच्या मंदिरापर्यंत सकाळीं बरीच वर्दळ असते. पण मुख्य वाट सोडून आंतील पाऊलवाटेस लागलें कीं दहा मिनिटांत शहराचा आवाज मागें राहतो.

ज्यांस चढ सोसत नाहीं त्यांनीं पाषाणच्या तळ्यावर जावें. हें तळें रामनदीवर बांधलेलें आहे, आणि गणेशखिंडींतील गव्हर्नरच्या बंगल्यास पूर्वीं येथून पाणी जात असे. त्या बंगल्याच्या आवारांत १९४९ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें. तळ्यावर जलपर्णीचें आक्रमण वारंवार होतें हें खरें. तरी हिवाळ्यांत बाहेरून आलेलीं बदकें व इतर पाणपक्षी पाहत घटकाभर सुखानें बसतां येतें. शहराच्या पूर्वेस, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ, एम्प्रेस गार्डन आहे. राणी व्हिक्टोरियाच्या पदवीवरून त्यास हें नांव पडलें. जानेवारींत तेथें फुलांचें प्रदर्शन भरतें तेव्हां गर्दी लोटते; पण तेथील खरें वैभव म्हणजे जुने विशाल वृक्ष व त्यांवर चढलेल्या माणसाच्या मांडीएवढ्या वेली. नातवंडांस घेऊन जाण्यास याहून बरी सावली नाहीं.

पायांत बळ असणाऱ्या तरुणांस कात्रजची डोंगररांग मोकळी आहे. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून निघून डोंगरमाथ्यानें थेट सिंहगड गांठतां येतो. मध्यें तेरा टेकड्या लागतात, असें जाऊन आलेले सांगतात. चांदण्या रात्रीं मुलें ही वाट चालतात. माझ्याच्यानें तें होण्यासारखें नाहीं. परंतु सिंहगडास जाण्याची दुसरी एक शांत वाट आहे, आणि तीच मला या लेखांत विशेषेंकरून सांगावयाची आहे.

सिंहगडास बहुतेक मंडळी मोटारीनें अथवा आतकरवाडीच्या पायवाटेनें पुणें दरवाजाकडून चढतात. गडाच्या दुसऱ्या बाजूस कल्याण नांवाचें गांव आहे, आणि त्या बाजूच्या दरवाजास त्यावरूनच कल्याण दरवाजा म्हणतात. खेड शिवापूरहून कोंढणपूरमार्गें तेथें जातां येतें. ही वाट रविवारींही बव्हंशीं रिकामी असते. २०१९ च्या ज्येष्ठांत, पाऊस अद्याप लागला नव्हता तेव्हां, आम्ही दोघें या वाटेनें हळूहळू चढत होतों. निम्म्या चढावर दम लागला म्हणून थांबलों, तों मंद गोड वास आला. पाहतों तों वाटेलगत दोन पुरुष उंचीचें एक झाड, पानें समोरासमोर, आणि फांद्यांच्या टोकांस पांढऱ्या फुलांचे घोंस. गतवर्षीच्या कांहीं लांब बारीक शेंगा जोडीजोडीनें अजून लोंबत होत्या.

वरून एक वृद्ध बाई रिकामी पाटी घेऊन उतरत होती. गडावर दह्याचीं मडकीं पोंचवून ती परतत असावी. मीं विचारलें, "मावशी, हें झाड कसलें?"

ती म्हणाली, "कुडा न्हवं का त्यो. प्वॉट बिघाडलं तर साल उगाळून घ्यावी. लई कडू, पर गुण हाय." आणि माझ्याकडे जरा नवलानें पाहून पुढें म्हणाली, "बाबा, तुमच्यात न्हाई का घेत?"

मी कांहीं बोललों नाहीं. आमच्या घरांतून मात्र उत्तर गेलें, "घेतात हो, घेतात. झाड तेवढें पाहिलें नव्हतें."

त्या झाडाखालीं मी बराच वेळ बसलों. पंचवीस वर्षांपूर्वीं ज्या झाडाविषयीं 'तें आपल्याकडे नाहीं' असें मीं वर्गांत सांगितलें होतें, तें शाळेपासून सात-आठ कोसांवर दर ज्येष्ठांत फुलत होतें. तो मुलगा डोळ्यांपुढें उभा राहिला. त्याचा पत्ता मजजवळ नव्हता.

पुढें एप्रिल २०२३ मध्यें योग आला. वेताळ टेकडीवरून बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत रस्ता काढण्याची योजना होती, आणि तिला विरोध करण्यासाठीं नागरिकांनीं सायंकाळीं पदयात्रा काढली. अशा गोष्टींत मी सहसा पडत नाहीं. परंतु त्या दिवशीं गेलों. गर्दींत एका गृहस्थानें वांकून नमस्कार केला व "सर, ओळखलेंत का?" असें विचारलें. बरोबर दहा-बारा वर्षांची त्याची मुलगी होती. नांव सांगतांच ओळख पटली. मी म्हणालों, "अरे, तुझें एक उत्तर माझ्याकडे देणें राहिलें आहे. कुडा सिंहगडावर आहे. मीं तुला चुकीचें सांगितलें होतें."

तो हंसला. "सर, मला ठाऊक आहे. दहावीच्या आधींच्या सुट्टींत मामांबरोबर कल्याण दरवाजानें उतरलों होतों. मामांनीं दाखविला."

"मग मला येऊन कां सांगितलें नाहींस?"

तो थोडा वेळ बोलला नाहीं. नंतर म्हणाला, "सर, तुम्ही 'आपल्याकडे नाहीं' म्हणाला होतांत. मग तुम्हांला कसें सांगणार?"

यांत त्यानें मला दोष दिला नाहीं. उलट माझा मान राखला. परंतु घरीं येऊन आठवूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्या दिवसानंतर वर्षभरांत त्या मुलानें वर्गांत एकही प्रश्न विचारल्याचें मला स्मरत नाहीं. चुकीचें उत्तर दुरुस्त करतां येतें. न विचारलेले प्रश्न परत आणतां येत नाहींत. शिक्षकांस ही गोष्ट सांगण्याची आवश्यकता वाटली म्हणून येथें लिहिली.

टेकडीवरील रस्त्याच्या वादांत दोन्ही पक्षांचे बोल मीं ऐकले. वाहनांची कोंडी मोठी आहे, आणि तींतून रोज जाणाऱ्यांचे हाल खरे आहेत. परंतु पुष्कळ सज्जनांच्या तोंडीं एक वाक्य असे: "तेथें आहे काय? नुसता माळ!" हें वाक्य ऐकलें कीं मला माझें १९९४ सालचें उत्तर आठवतें. तेंही असेंच, न पाहतां दिलेलें होतें. टेकडीवरून रस्ता न्यावा कीं न न्यावा, याचा निर्णय अधिकारी मंडळी करतील. पण 'तेथें कांहीं नाहीं' असें म्हणण्याचा अधिकार निदान एकदां पायीं जाऊन आलेल्यासच असावा, एवढें मागणें अवाजवी नव्हे. आणि मला खात्री आहे कीं, जो जाऊन येईल तो तसें म्हणणार नाहीं.

आतां कांहीं व्यवहाराच्या सूचना. सूर्योदयापूर्वीं निघावें व ऊन चढण्याआधीं उतरावें. पाणी व थोडे फुटाणे जवळ असावेत. एकट्यानें, विशेषतः स्त्रियांनीं व वृद्धांनीं, आडवाटेस जाऊं नये; सोबत घ्यावी. पावसाळ्यांत खाणीच्या कडेला मुलांस जाऊं देऊं नये. तेथील दगड निसरडे होतात. हिवाळ्यानंतर गवत वाळलेलें असतें. त्या दिवसांत टेकडीवर काडी ओढणें म्हणजे आग लावणेंच होय. फुलें तोडूं नयेत. त्यांचीं नांवें मात्र अवश्य विचारावींत. गुराखी, मोळी नेणाऱ्या बाया, दहीं विकणाऱ्या आज्या यांस तीं ठाऊक असतात, आणि विचारल्यास त्या मोठ्या आनंदानें सांगतात.

त्या पदयात्रेनंतरच्या ज्येष्ठांत आमचा तो विद्यार्थी, त्याची मुलगी व आम्ही उभयतां कल्याण दरवाजाच्या वाटेनें गेलों होतों. मुलीनें साऱ्या वाटेंत मला निदान वीस झाडांचीं नांवें विचारलीं. त्यांपैकीं अकरांस मी 'मला ठाऊक नाहीं' असें उत्तर दिलें. प्रथम जड गेलें, पुढें संवय झाली. तिनें तीं झाडें एका वहींत काढून ठेविलीं आहेत, आणि त्यांचीं नांवें शोधण्याचें काम आम्हां दोघांकडे आहे.

१९९४ सालीं नववीच्या वर्गांत असलेल्या माझ्या इतर विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या वाचनांत हा लेख आला, तर त्यांनीं आपल्या वहींतील दुरुस्ती अशी करून घ्यावी: कुटज म्हणजे कुडा. तो आपल्याकडे आहे. सिंहगडाच्या कल्याण दरवाजाच्या वाटेवर ज्येष्ठांत फुलतो.